अकरा स्पंज

"स्क्रीन भिजतेय!" आमचा कॅमेरावाला जोकीम मागून ओरडला. "कुठे ठेवू हिला?"

"हंय घेवन ये," सुकाणूवरून पुंडलिक मिठबावकर म्हणाले. "माझ्या बाजूक जागा आसा."

सकाळच्या वाऱ्याने बोटीच्या मागच्या बाजूची ताडपत्री टरकन फाटली होती. तीन वर्षं आम्ही त्या ताडपत्रीखाली कोंबड्यांसारखे दाटीवाटीने बसून समुद्राचा तळ बघत आलो होतो. बोटीचे मालक आणि तांडेल पुंडलिकच. बोट कुठे न्यायची, कधी थांबवायची, हा शब्द त्यांचा. तीन वर्षं ते पुढे सुकाणूशी उभे आणि आम्ही मागे. खाली काय दिसतं, असं त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. मीही त्यांना कधी 'या, बघा' म्हटलं नव्हतं, याची आज लाज वाटते. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि समुद्राविषयी आपल्याला पुष्कळ कळतं असा माझा समज होता.

सडेबंदरहून पश्चिमेला आठ तास बोट हाकली की पाण्याखालचं एक पठार लागतं. त्याची कड एकदम खोल उतरते. त्या कडेला गावातले लोक 'उंबरठो' म्हणतात. उंबरठ्यावर, दोनशे मीटर खाली, जिथे सूर्य कधी पोचत नाही, तिथे प्रवाळांची झाडं आहेत. माणसाच्या कमरेएवढी, पांढरी, केशरी. ती झाडं म्हणजे वनस्पती नव्हेत, हजारो बारीक जिवांनी मिळून बांधलेली घरं आहेत. ती वर्षाला जेमतेम नखाच्या टोकाएवढी वाढतात. त्यांची तब्येत बघणं हे आमचं काम. दिवे लावलेली लोखंडी चौकट तारेने खाली सोडायची, दरवर्षी त्याच जागी त्याच झाडांचे फोटो काढायचे, आणि मग घरी बसून ताडून बघायचं: कुठली फांदी जिवंत आहे, कुठली उघडी पडली, कुठली मोडली. चौकटीतून दोन लाल ठिपके पडत. त्यांच्यात बरोबर दहा सेंटिमीटरचं अंतर. त्यावरून फोटोतल्या कुठल्याही वस्तूचं माप काढता येई.

तीन वर्षांत आम्हाला अकरा मोडलेली झाडं सापडली होती. आणि इथे माझं डोकं चाललं. अकराच्या अकरा झाडांच्या बुंध्याशी एक तपकिरी, भोकाभोकांचा गोळा बसलेला होता, आणि त्याच्याभोवती नळीसारखं काहीतरी गुंडाळलेलं. मी लिहिलं, 'स्पंज. सोबत नळीत राहणारा किडा.' दुसऱ्या वर्षी लिहिलं, 'हा स्पंज प्रवाळाचा बुंधा पोखरतो असे दिसते.' तिसऱ्या वर्षापर्यंत आमच्या चमूचे प्रमुख वालावलकर सर म्हणायला लागले, "पाटणकर, हा शोध आहे, शोध!" तो गोळा हातात घेऊन बघायची सोय नव्हती, कारण आमच्या कॅमेऱ्याला डोळे होते, हात नव्हते. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. नव्या स्पंजाला माझ्या आईचं नाव द्यायचं, हे मी मनात ठरवूनसुद्धा टाकलं होतं.

हा शोध सडेबंदरलाही हवा होता. येत्या शनिवारी तालुक्याला मोठी बैठक होती. झाडं माणसाच्या मासेमारीने मोडत असतील तर उंबरठा सगळ्यांना बंद, असा प्रस्ताव होता. आपोआप मोडत असतील तर चालू. फेब्रुवारी ते मे, किनाऱ्याजवळ मासळी मिळत नाही तेव्हा, सडेबंदरच्या वीस बोटी उंबरठ्यावर गळ टाकून तांबोशी आणि गोबरे आणत. पुंडलिकतांडेल चाळीस वर्षं तिथे जात होते. मच्छीमार सोसायटीचे ते अध्यक्ष, आणि मागच्या बैठकीत त्यांनी उभं राहून सगळ्यांसमक्ष सांगितलं होतं, "आमच्या गळान थंयची एक फांदी मोडूक नाय."

महिन्यापूर्वी मीच त्यांच्या अंगणात जाऊन सांगितलं होतं, "तांडेलकाका, काळजी सोडा. झाडं मोडणारा सापडलाय. स्पंज आहे." त्यांनी देवघराकडे तोंड करून हात जोडले होते. काकूंनी मला आग्रह करून करून तिसऱ्यांदा भात वाढला होता.

तर अशी ती सकाळ. जोकीमने स्क्रीन सुकाणूशेजारी ठेवली, दोरीने आवळून बांधली, आणि तो तार सोडायला मागे गेला. समुद्र तोवर शांत झाला होता. वालावलकर सर सुकाणूच्या केबिनच्या दारात उभे राहिले. मी वही घेऊन तांडेलांच्या पायाशी एका डब्यावर बसले. स्क्रीनवर निळं होतं, मग गडद निळं, मग काळं.

"कायच नाय मां दिसत," तांडेल म्हणाले.

"थांबा हो. अजून ऐंशी मीटर आहेत."

आणि मग दिव्यांच्या उजेडात उंबरठा वर आला.

मी ते दृश्य तोवर शंभरदा तरी पाहिलं असेल. त्या दिवशी मी स्क्रीनकडे पाहिलंच नाही, तांडेलांच्या तोंडाकडे पाहत राहिले. साठी ओलांडलेला, उन्हाने रापलेला माणूस, पण चेहरा जत्रेत पहिल्यांदा आलेल्या पोरासारखा झाला.

"अगे बाय माझे!" ते पुटपुटले. "हीच ती झाडां?"

"हीच."

"चाळीस वर्सां वळखतंय मी हेंका. पण तोंड कधी बघूक गावला नाय."

"ओळखता? कशी?"

"हातान." त्यांनी दोन बोटांत दोरी धरल्यासारखं केलं. "दोरी सोडल्यार खडक असलो तर ठक करून लागता. वाळू असली तर कायच लागणा नाय. आणि झाड असला तर दोरी वायच लवता, मगे धरता. मेल्या बुंध्यार लवणा नाय, कडकडता." मग स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "आता मी उजवीकडे घेतंय. थंय एक घळ आसा. घळीत गोबरो असतलो."

मी जोकीमला तार सांभाळायला हाक मारली. चौकट हळूहळू उजवीकडे सरकली. घळ आली. घळीत एक थोराड गोबरा दिव्याकडे रागाने बघत बसला होता.

वालावलकर सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी सरांकडे. ती घळ आमच्या नकाशावर नव्हती. दोरीच्या टोकाने चाळीस वर्षं अंधार चाचपून या माणसाने जो नकाशा केला होता, तो आमच्यापेक्षा बारीक होता, आणि आम्ही तीन वर्षं त्यांना नुसतं 'जरा डावीकडे घ्या' सांगत आलो होतो. मला अक्षरशः उठून त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पुढचा अर्धा तास तेच सांगत गेले. "आता उतार लागतलो." उतार लागे. "आता फांद्यो दाट होतल्यो." फांद्या दाट होत. जोकीम मागून ओरडून विचारायला लागला, की हा माणूस खाली राहून आलाय का.

मग सहाव्या क्रमांकाचं मोडलेलं झाड आलं. बुंध्यापासून वरचं सगळं गेलेलं. शेजारी तो तपकिरी, भोकाभोकांचा गोळा.

"हा बघा," मी फुशारकीने म्हणाले. "हाच तो स्पंज. तुमची जागा वाचवणारा."

तांडेल स्क्रीनवर वाकले. मी वहीत आकडे लिहीत होते, म्हणून मला ते पटकन लक्षात आलं नाही.

"वायच फाटी घे," ते शेवटी म्हणाले.

चौकट मागे घेतली.

"अजून जवळ जाता येता काय?"

जवळ गेलो. दोन लाल ठिपके गोळ्याच्या पोटावर पडले. त्याच्याभोवतीची नळी आडवी आणि उभी जाऊन मधोमध एकमेकीला ओलांडत होती, आणि ती ओलांडायची जागा एका सरळ खाचेत बसली होती. इतकी सरळ खाच किडा कसा करेल, हा प्रश्न तीन वर्षांत मला पडायला हरकत नव्हती.

तांडेलांनी इंजिन बंद केलं.

"ता जनावर नाय, बाय," ते म्हणाले. "तो चिरो."

"चिरा?"

"जांभ्याचो धोंडो. आमच्या परड्यातलो."

मी कराडची. कराडच्या माणसाला दगड म्हणजे काळा. पण सडेबंदरला तीन वर्षं ज्या भिंतीला टेकून मी चहा प्यायले, ती भिंत त्याच दगडाची होती, तोच रंग, तीच भोकं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! समुद्राच्या तळाशी दिसलं म्हणजे ते जिवंतच असणार, असं आम्ही धरून चाललो होतो.

"गळाच्या दोरयेक वजन लागता," तांडेल सावकाश सांगायला लागले. "बाकीचे काळो धोंडो बांधतत. काळो अडाकलो तर दोरी तुटता, गळ जातत. माझ्या बापाशीन चिरो बांधूक सुरुवात केल्यान. चिरो मऊ. अडाकलो तर फुटता, दोरी सुटता. म्हणान आम्ही चिऱ्याक छिन्नीन खाच मारतंव आणि खाचेत दोरयेची चौकडी बांधतंव. आख्ख्या सडेबंदरात चिरो बांधणारा घर एकच. मिठबावकराचा."

"पण हा फुटला नाही," मी म्हणाले.

"नाय फुटाक. झाड मोडला."

बोट लाटेवर हलत होती. वालावलकर सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सर वाईट माणूस नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचंय. त्यांनी मायेनेच सुरुवात केली.

"तांडेल, शनिवारी बैठक आहे."

"माका म्हायत हा."

"मग जरा विचार करून बोला. अजून काही नक्की नाही. आम्ही अहवालात 'वस्तू ओळखता आली नाही' असं लिहू शकतो. त्यात खोटं काही नाही. कालपर्यंत आम्हाला ती ओळखता आलीच नव्हती."

"आज इली मां?"

सरांनी पुन्हा चष्मा काढला.

"सायबानू," तांडेल म्हणाले, "तुमी तीन वर्सां माझ्या बोटीर जेवतास. ह्या बोटीवरसून आजवर कुजको मासो कोणाच्या दारात गेलो नाय. आणि तुमी हंयसून तसला कागद घेवन जातलास?"

"तुमचं सगळं गाव आहे हो त्याच्यामागे! वीस बोटी आहेत."

"आसत. तेंका मी सांगतलंय. तुमका कोणी कायएक बोलाचा नाय."

मला रडू यायला लागलं होतं, आणि खरं सांगते, त्यातलं अर्धं माझ्या बुडालेल्या स्पंजासाठी होतं. मी विचारलं, "काका, बाकीच्यांचे काळे दगडही असतीलच ना खाली? काळ्या खडकात ते आम्हाला दिसणार नाहीत. मग तुम्ही एकट्यानेच का…"

त्यांनी मला हाताने थांबवलं. "माझा काय ता मी सांगितलंय. दुसऱ्याचा मी सांगूचंय नाय."

त्यांचा आवाज जराही चढला नाही. ते वळले आणि केबिनच्या छताला बसवलेलं जागा दाखवणारं यंत्र सुरू करून बटणं दाबायला लागले.

"आता हेच्यात बघ. जंय दोरी अडाकता आणि जाता, थंय मी फुली मारून ठेवतंय. परत त्या जाग्यार जावक नुको म्हणान. ही फुली सहा नंबरची."

पडद्यावर फुली होती. फुलीखाली आकडे होते. मी ते वाचले, आणि पुन्हा एकदा वाचले.

"सर," मी म्हणाले, "इथे तारीख आहे."

"कसली?"

"झाड मोडल्याची. चौदा मार्च, दोन हजार चार. यंत्र आपोआप तारीख घालतं. आपल्या अकराही झाडांपाशी यांची फुली असेल, आणि फुलीला तारीख."

वालावलकर सर दारातून आत यायच्या घाईत कपाळ आपटून घेत यंत्रापाशी आले. ज्याने खोल समुद्रातल्या प्रवाळांचं काम केलं नाही त्याला आमचं वेड कळायचं नाही. मोडलेलं झाड कुणालाही सापडतं. पण ते कधी मोडलं, हे कुणालाच माहीत नसतं. आणि ते माहीत नसेल तर जखम किती वर्षांत भरते, भरते तरी का, हे जन्मात कळत नाही. जगातल्या प्रयोगशाळा ज्या एका गोष्टीसाठी तरसतात, ती या माणसाने मासे पकडताना एका फुलीखाली जपून ठेवली होती.

सर एकेक फुली उघडून तारखा वाचत होते, मी लिहून घेत होते. दोघंही हरखून गेलो होतो. तांडेल शेजारी उभे होते. आपण काय दिलंय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आपलं काय गेलंय, ते ठाऊक होतं. अकरावी तारीख लिहून झाल्यावर मी मान वर केली, तर ते स्क्रीनकडे बघत होते. खाली दिवे अजून चालू होते आणि तो मोडका बुंधा तसाच समोर होता.

"ह्या दुखला असतला मां?" त्यांनी विचारलं.

मी वही मिटून ठेवली.

शनिवारी बैठकीत माझा स्पंज निकालात निघाल्याचं सरांनी दोन वाक्यांत सांगितलं. पुढचं सांगायला पुंडलिकतांडेल उठले. धुतलेला पांढरा सदरा, हातात टोपी. म्हणाले, "मागल्या खेपेक मी हंय उभो रवान सांगितलंय, आमच्या गळान एक फांदी मोडूक नाय. ता खोटा ठरला. मी मुद्दाम खोटा बोलूक नाय. पण माका म्हायत नसताना मी म्हायत आसा म्हणान बोललंय. अकरा झाडां माझ्या धोंड्यान मोडली." मग त्यांनी अकराही तारखा सांगितल्या, तोंडपाठ. ते बसले तेव्हा त्यांच्या शेजारची सोसायटीची माणसं उठून दुसऱ्या रांगेत जाऊन बसली.

उंबरठा सगळ्यांना बंद झाला. आठवड्याभरात सोसायटीने अध्यक्ष बदलला. त्या भाद्रपदात भजनाची मंडळी घरोघर गेली, आणि मिठबावकरांच्या घरावरून टाळ वाजवत पुढे निघून गेली. त्यांच्या गणपतीसमोर पाच दिवस नवराबायको आणि मुलगा, एवढीच आरती म्हणत होती. हे मला काकूंनी सांगितलं, आणि सांगताना त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं. भजन दोन वर्षांनी पुन्हा त्यांच्या अंगणात आलं. सगळं विसरलं गेलं असं मात्र मी म्हणणार नाही.

मी मोठी झाले ती त्या अकरा तारखांवर. निबंध, नोकरी, पुढचे प्रकल्प, सगळं. दर निबंधात पहिलं नाव पुंडलिक मिठबावकरांचं असतं. परदेशातले लोक पत्र लिहून विचारतात, हे डॉक्टर मिठबावकर कुठल्या विद्यापीठात असतात? मी उत्तर देते की ते डॉक्टर नाहीत, तांडेल आहेत, आणि तांडेल या शब्दाचं भाषांतर मला येत नाही.

मागच्या मार्चमध्ये, त्या दिवसाला चौदा वर्षं झाल्यावर, मी अकरा फोटो मोठे करून त्यांना दाखवायला घेऊन गेले. ते आता पंचाहत्तरच्या पुढे आहेत. गुडघे गेलेत, बोट मुलगा चालवतो. ओटीवर चटई टाकून मी फोटो ओळीने मांडले. दहा बुंध्यांवर नवी फूट आली होती. कुठे तीन बोटं, कुठे चार. सहा नंबरला तर तीन फांद्या फुटल्या होत्या आणि टोकांना केशरी जीव उमललेले दिसत होते.

"वाढता मां!" ते म्हणाले. लाल ठिपक्यांवर बोटं ठेवून त्यांनी स्वतः माप घेतलं. मी सांगितलेलं बरोबर आहे का, हे तपासून बघितलं. दहाही फोटो असेच पाहिले. काकूंना हाक मारून दाखवले. डोळे भरून आले ते पुसायचीही तसदी घेतली नाही.

अकरावा फोटो मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. तो बुंधा मेला होता. उघडा, करडा, त्यावर भलत्याच जिवांनी घर केलेलं.

"ह्या नाय जगाक?"

"नाही, काका. सगळीच जगत नाहीत. त्यात तुमचा…"

"कुठल्या तारखेचा?"

"नऊ एप्रिल, दोन हजार सात."

त्यांनी मान हलवली. तारीख त्यांना सांगायची गरज नव्हती, ते नुसतं खात्री करून घेत होते.

मी विषय बदलायला सहा नंबरचा फोटो पुढे केला. "हा तुमच्यासाठी चौकट करून आणते. इथे, ओटीवर लावू. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल."

त्यांनी तो हातात घेतला, पुन्हा एकदा डोळे भरून बघितला आणि परत दिला. मग खाली वाकून अकरावा उचलला.

"ती धा तुमची," ते म्हणाले. "ह्या माझा."

ते उठले, भिंतीला धरत धरत आत गेले, आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. काकूंनी चहा आणला, तो मी प्यायले. संध्याकाळच्या गाडीने मी परत निघाले तेव्हा माझ्या पिशवीत दहाच फोटो होते.